वीज गेली, तरी नोंद राहावी

ठाणें शहराच्या पश्चिमेस पसरलेली वागळे इस्टेट ही महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासांतील एक मानाची जागा होय. १ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आलें, तें याच वसाहतींत झालेल्या एका साध्या समारंभानें. पुढील साठ वर्षांत येथील क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांवर कितीएक कारखाने आले आणि गेले. कित्येकांच्या जागीं आज काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. तथापि लेथ, प्रेस आणि भट्टी यांचा संसार तेथून अजून उठलेला नाहीं. या जुन्या संसारांत अलीकडे एक नवा, अबोल सोबती येऊन राहिला आहे. तो म्हणजे यंत्राच्या पॅनेलांत बसविलेला छोटा संगणक.

त्याला कळफलक नसतो. पुष्कळदां पडदाही नसतो. भट्टीचें तपमान टिपून ठेवणें, साच्यांतून पडलेले नग मोजणें, कामगारांची हजेरी घेणें, पंप केव्हां चालला व केव्हां थांबला याची नोंद करणें, अशीं कामें तो रात्रंदिवस करीत असतो. त्याची अक्कल आणि त्याचें स्मरण हीं दोन्हीं बहुधा एकाच लहानशा वस्तूंत सांठविलेलीं असतात. पंधरा मिलिमीटर लांब, अकरा मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड असें तें मेमरी कार्ड. यंत्र कसें चालवावें हा हुकूमनामाही त्यावरच, आणि यंत्रानें काय केलें ही रोजनिशीही त्यावरच. वीज अकस्मात् गेली असतां अशा कार्डास कोणतें भय आहे, आणि तें कसें टाळतां येतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हें भय कितपत खरें आहे तें पाहिलें पाहिजे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई यांच्या फार मोठ्या भागांतील वीज एकाएकीं गेली. खाडीपलीकडील कळवा येथील उपकेंद्राशीं निगडित वाहिन्या बंद पडल्यानें तो प्रसंग ओढवला होता. लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, म्हणून ती गोष्ट सर्वांच्या लक्षांत राहिली. परंतु पॅनेलांतील संगणकाचें नुकसान होण्यास एवढा मोठा प्रसंग लागत नाहीं. पावसाळ्यांत तारेवर फांदी पडते; शेजारच्या शेडमधील मोठी मोटर सुरू होतांना विजेचा दाब क्षणभर खालीं बसतो; वायरमन एखादा एम्. सी. बी. खालीं करतो, आणि सर्वांत नित्याची गोष्ट म्हणजे पाळी संपल्यावर कामगार मेन स्विच बंद करून घरीं जातो.

दुसऱ्या दिवशीं दहा यंत्रें सुरळीत चालू होतात, आणि अकरावें मात्र होत नाहीं. त्याचा दिवा लुकलुकतो, पण काम सुरू होत नाहीं. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, तें यंत्र पोलादी सुट्या भागांस उष्णतेनें कठीण करणाऱ्या भट्टीचें तपमान नोंदविणारें आहे. माल उत्तम तयार झालेला आहे. पण खरेदीदारास मालाबरोबर तपमानाचा आलेख द्यावा लागतो, आणि तो आलेख कार्डाबरोबर गेला. आतां सर्व मालाची फिरून परीक्षा करावी, नाहीं तर तो भंगारांत घालावा. दहाबारा माणसांच्या बळावर चालणाऱ्या कारखानदारास असा एक फटकाही जड जातो. आणि बोलणीं कोणास बसतात? ज्यानें सायंकाळीं स्विच बंद केला, त्या कामगारास. "तूं यंत्र नीट बंद केलें नाहींस," असा ठपका त्याच्या माथीं येतो.

हा ठपका अन्यायाचा आहे. घरांतील संगणक बंद करण्यापूर्वीं त्याला तशी सूचना देतां येते. मग तो आपलीं कामें आवरतो आणि स्वतः झोंपीं जातो. पॅनेलांतील संगणकास अशी सूचना देण्याची सोयच बहुधा ठेवलेली नसते. मेन स्विच हाच त्याचा निरोप. कामगाराच्या दृष्टीनें जो रोजचा क्रम, तोच संगणकाच्या दृष्टीनें अकस्मात् आघात ठरतो. ही विसंगति ज्यानें यंत्र रचलें त्याची आहे, ज्यानें तें वापरलें त्याची नव्हे. वीज जाणें हा अपघात नसून यंत्र बंद होण्याची ती स्वाभाविक रीतच आहे, असें गृहीत धरून रचलेलें यंत्रच टिकतें. पुढील सर्व विवेचनाचें सूत्र एवढेंच आहे.

आतां कार्डाच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. या कार्डाची जात १९९९ सालीं सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा या तीन कंपन्यांनीं मिळून जाहीर केली. त्यांतील स्मृतीची मूळ युक्ति तोशिबांतील फुजिओ मासुओका या जपानी संशोधकाची. ती १९८० नंतरच्या दशकांत पुढें आली. सूक्ष्म अशा कोट्यवधि कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवावयाचे, आणि भोंवतीं निरोधक पदार्थाचा पातळ थर असल्यामुळें ते तेथेंच वर्षानुवर्षें राहावयाचे, असें तिचें स्वरूप आहे. म्हणून वीज गेल्यानें कार्डावरील मजकूर आपोआप पुसला जातो, ही समजूत खरी नव्हे. खिशांत ठेवलेलें कार्ड विजेवांचूनच आपलें स्मरण जपून असतें. धोका आहे तो लिहिण्याच्या क्षणीं.

या लेखनाची तऱ्हा विलक्षण आहे. कार्डाचीं पानें पाटीप्रमाणें आहेत. पण या पाटीवरील एकच ओळ पुसतां येत नाहीं. पुसावयाचें तर शेंकडों पानांचा एक गठ्ठाच्या गठ्ठा एकदम पुसावा लागतो. एक पान लिहिण्यास मिलिसेकंदाच्या कांहीं अंशापासून एकदोन मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, आणि गठ्ठा पुसण्यास कित्येक मिलिसेकंद. म्हणून कार्डांत एक कोठावळा नेमलेला असतो. कंट्रोलर हें त्याचें व्यवहारांतील नांव. जुन्या पानांतील एक शब्द बदला म्हटलें, तर तो जुन्या पानास हात लावीत नाहीं. नवें पान दुसऱ्या कोऱ्या जागीं लिहितो, आणि "अमुक पान आतां तमुक जागीं आहे" अशी नोंद आपल्या वहींत करतो. रिकामी जागा कमी पडूं लागली म्हणजे कामाचीं पानें एका बाजूस हलवून उरलेले गठ्ठे पुसून काढतो. ही आवराआवर बाहेरील संगणकास दिसत नाहीं.

वीज नेमकी याच वेळीं गेली तर काय होईल? अर्धवट लिहिलेलें एक पान वायां गेलें, तर तें सोसण्यासारखें आहे. परंतु कोठावळ्याची वही अर्धवट राहिली, तर सर्व कोठार धान्यानें भरलेलें असूनही कोणती गोणी कोणत्या फळीवर आहे हें कोणासच कळेनासें होतें. संगणक मग सांगतो कीं कार्ड रिकामें आहे, किंवा वाचतां येत नाहीं. याहून आश्चर्याची गोष्ट अशी कीं, स्वस्त कार्डांत एकाच कप्प्यांत दोन किंवा तीन खुणा दाटीनें ठेवलेल्या असतात. दुसरी खूण घालीत असतां वीज गेली, तर पूर्वीं सुखरूप असलेली पहिली खूणही बिघडूं शकते. म्हणजे आजचें लिहितांना कालचें जातें. "ती फाईल तर आम्ही उघडलीही नव्हती," असें जे लोक चकित होऊन म्हणतात, त्यांच्या कोड्याचें एक उत्तर येथें आहे.

वीज नेहमीं सुरीनें कापल्यासारखी जात नाहीं, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. कार्डास २·७ ते ३·६ व्होल्ट दाब लागतो. दाब हळूहळू उतरत असतां कांहीं काळ असा येतो कीं, तेव्हां संगणक पुरता जागाही नसतो आणि पुरता मेलेलाही नसतो. झोंपेंत बडबडणाऱ्या मनुष्याप्रमाणें तो भलतेंच कांहीं कार्डावर लिहूं शकतो. म्हणून दाब ठराविक मर्यादेखालीं येतांच संगणकास तत्काळ थांबविणारी रक्षक योजना पॅनेलांत असावी. वीज परत येते तेव्हांही ती पुष्कळदां येते, जाते, पुन्हां येते. दाब स्थिर झाल्यावर कांहीं सेकंद थांबून मगच संगणक चालू होईल अशी व्यवस्था केली, म्हणजे पुष्कळ अनर्थ टळतात.

कार्डाच्या वर दुसरा मजला आहे तो संगणकाच्या कार्यप्रणालीचा. नोंद करणारा प्रोग्राम "लिही" म्हणतो, आणि कार्यप्रणाली "लिहिलें" असें उत्तर देते. पण तें लिहिणें तूर्त आपल्या तात्पुरत्या स्मृतींतच असतें. कार्डावर तें सवडीनें उतरतें. लिनक्स या प्रचलित प्रणालींत हा विलंब सामान्यतः तीस सेकंदांपर्यंतही असूं शकतो. त्या अवधींत वीज गेली, तर लिहिलेलें म्हणून जें समजलें तें लिहिलेलेंच नव्हतें. शिवाय एक फाईल वाढवावयाची म्हणजे तीन ठिकाणीं फेरफार करावा लागतो. मजकूर, तो कोठें आहे हें सांगणारें कोष्टक आणि फाईलींची सूची हीं तीं तीन ठिकाणें होत. दोहोंत बदल झाला आणि तिसरें राहिलें, कीं हिशेब जुळत नाहीं.

यावरील उपाय आपल्याकडील व्यापाऱ्यांस फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. व्यवहार झाला कीं तो आधीं किर्दींत लिहावयाचा, आणि मग सवडीनें खतावणींत चढवावयाचा. खतावणी लिहितांना दिवा विझला तरी किर्द शाबूत असते. तिच्यावरून खतावणी पुन्हां उभी करतां येते. २००८ सालीं लिनक्समध्यें आलेली एक्स्ट-४ ही फाईलव्यवस्था नेमकी अशीच किर्द ठेवते. जुन्या फॅट पद्धतींत ती नाहीं. मात्र किर्दीचेंही सामर्थ्य मर्यादित आहे. ती मांडणी वांचविते. अगदीं शेवटच्या मजकुराची हमी सहसा देत नाहीं. आणि कोठावळ्यानेंच न लिहितां "लिहिलें" म्हणून सांगितलें, तर किर्दही फसते.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय असा कीं, जेथें लिहावयाचें नाहीं तेथें लिहूं नये. हुकूमनाम्याचा भाग केवळ वाचण्यापुरताच खुला ठेवावा. कार्यप्रणालीस वाटेंत जें किरकोळ टिपण करावें लागतें तें तात्पुरत्या स्मृतींत करूं द्यावें. वीज गेली कीं तें जाईल, आणि गेलेलेंच बरें. यासाठीं लागणारी सोय लिनक्समध्यें २०१४ पासून आहे. येथें एक सावधगिरी हवी. एकाच कार्डाचे दोन भाग करून एक वाचण्यास व एक लिहिण्यास ठेवला, तरी दोहोंचा कोठावळा एकच असतो. त्याची वही फाटली तर दोन्ही भाग बुडतात. म्हणून हुकूमनामा एका जागीं आणि रोजनिशी निराळ्याच कार्डावर, ही मांडणी अधिक सुरक्षित होय.

दुसरा उपाय लिहिण्याच्या रीतीचा. जुनें पुसण्यापूर्वीं नवें पुरें करावें, हा त्याचा मंत्र. एखादी फाईल बदलावयाची असेल तर ती तशीच बदलूं नये. नव्या नांवानें पूर्ण प्रत लिहावी. ती कार्डावर उतरवून घेण्याचा स्पष्ट हुकूम द्यावा. उत्तर येईपर्यंत थांबावें. मग एका झटक्यांत जुनें नांव नव्या प्रतीस द्यावें, आणि सूचीही कार्डावर उतरवून घ्यावी. म्हणजे वीज कोणत्याही क्षणीं गेली तरी जुनी प्रत अखंड असते किंवा नवी अखंड असते. अर्धी अशी कोणतीच नसते. रोजनिशीच्या प्रत्येक ओळीस अनुक्रमांक द्यावा व शेवटीं त्या ओळीची पडताळ-बेरीज लिहावी. यंत्र पुन्हां सुरू झालें म्हणजे बेरीज न जुळणारी शेवटची ओळ तेवढी टाकून द्यावी आणि पुढें चालूं लागावें. एका ओळीसाठीं सबंध वही फेंकून देण्याचें कारण नाहीं.

किती वेळां लिहावें, हाही हिशेबाचा विषय आहे. तपमान दर सेकंदास कार्डावर लिहिलें, तर दिवसांत ८६,४०० वेळां लिहावें लागतें. प्रत्येक लेखनांत कार्ड दहा मिलिसेकंद गुंतलें असें धरलें, तर दिवसांतील ८६४ सेकंद, म्हणजे सवाचौदा मिनिटांहून अधिक काळ तें धोक्याच्या स्थितींत असतें. तेंच साठ सेकंदांचें तपमान एकत्र करून मिनिटांतून एकदां लिहिलें, तर लेखनें १,४४० होतात आणि धोक्याचा काळ साडेचौदा सेकंदांच्या आंत येतो. यांत शेवटच्या मिनिटाची नोंद जाण्याची भीति उरते. ती नको असेल तर एफ्-रॅम नांवाची छोटी स्मृति मिळते. तिच्यांत पुसण्याची भानगड नाहीं, लेखन जवळजवळ तत्क्षणीं होतें, आणि ती पुनःपुन्हां लिहिल्यानें सहसा झिजत नाहीं. तिची जागा थोडी असली तरी एका मिनिटाच्या नोंदीस ती पुरून उरते.

तिसरा उपाय म्हणजे संगणकास निरोपापुरता वेळ देणें. वीज जात आहे असा इशारा मिळाल्यापासून हातांतील लेखन पुरें करण्यास त्याला अवधि हवा. कार्डाच्या नियमाप्रमाणें एका लेखनास पाव सेकंद, आणि मोठ्या क्षमतेच्या कार्डास अर्धा सेकंदही लागूं शकतो. संगणक अडीच वॅट वीज घेत असेल, तर अर्ध्या सेकंदास सव्वा ज्यूल शक्ति लागेल. ती कपॅसिटरमध्यें सांठवितां येते. पण तो कोठें बसवावा यांत सगळी खुबी आहे. सांठलेली शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. संगणकाच्या ५ व्होल्टच्या बाजूस कपॅसिटर लावला आणि ४·५ व्होल्टपर्यंतच काम चालत असेल, तर सुमारें ५,२६,००० मायक्रोफॅरड लागतील. तोच कारखान्यांत रूढ असलेल्या २४ व्होल्टच्या बाजूस लावला, २० व्होल्टवर इशारा दिला आणि १० व्होल्टपर्यंत काम चालविलें, तर सुमारें ८,३०० मायक्रोफॅरड पुरतात. म्हणजे साठपटीहून अधिक फरक! मधल्या रूपांतरांतील तूट आणि उष्णतेनें येणारें म्हातारपण यांसाठीं दीडपट घेतला, तरी तो हाताच्या मुठींत मावतो. मात्र त्यापूर्वीं एक डायोड हवाच. नाहीं तर जमविलेली शक्ति त्याच वाहिनीवरील रिले आणि व्हॉल्व्ह पिऊन टाकतील.

यू. पी. एस्. लावला म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. तो उपयोगी आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्याची बॅटरी पत्र्याच्या शेडखालील उष्णतेंत लवकर थकते, आणि थकली हें वीज जाईपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. बॅटरी संपत आली हा निरोप त्यानें संगणकास पोंचविला नाहीं, तर आघात टळत नाहीं. तो केवळ अर्ध्या तासानें पुढें जातो. औद्योगिक वापराचीं, एका कप्प्यांत एकच खूण ठेवणारीं कार्डें घेणें हाही चांगला मार्ग आहे. तीं महाग असतात, पण एक खेप वांचली तरी किंमत वसूल होते.

तथापि छापील हमीवर विसंबणें शहाणपणाचें नाहीं. अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठ व एच्. पी. कंपनीची प्रयोगशाळा येथील संशोधकांनीं २०१३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. याच जातीच्या स्मृतीवर चालणाऱ्या पंधरा सांठवण-यंत्रांची वीज त्यांनीं पुनःपुन्हां मध्येंच तोडून पाहिली. त्यांपैकीं तेरांनीं कांहीं ना कांहीं मजकूर गमावला. तेव्हां रचनाकारानें एक रिले लावून, अनियमित अंतरानें, हजारों वेळां आपल्या यंत्राची वीज तोडावी आणि प्रत्येक वेळीं नोंदी मोजून पाहाव्यात. दहा वेळां टिकलें म्हणजे टिकलें असें होत नाहीं. धोक्याचा क्षण मिलिसेकंदांचा असतो, आणि तो दहा प्रयत्नांत सांपडेलच असें नाहीं.

हें सर्व रचनाकाराचें झालें. ज्यानें यंत्र विकत घेतलें आहे त्यानें काय करावें? चालू कार्डाची एक पूर्ण प्रत काढून ती यंत्रांत एकदां घालून चालते कीं नाहीं हें पाहावें, आणि यंत्राचें नांव व तारीख घालून ती पाकिटांत जपून ठेवावी. नोंदींची नक्कल रोज दुसऱ्या संगणकावर घ्यावी. वीज आल्यावर स्विचाशीं चाळा करूं नये. नवें यंत्र घेतांना विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: हें काम करीत असतां वीज काढली तर काय होईल? त्याचें उत्तर तोंडी न घेतां, पैसे देण्यापूर्वीं त्याच्याच समक्ष स्विच बंद करून घ्यावें. एकदां नव्हे, पुष्कळदां. जो विक्रेता "असें करूं नका" म्हणेल, त्याचें यंत्र कारखान्यांत आणण्याजोगें नाहीं, कारण तेथें तसें रोज होणार आहे.

वीजपुरवठा पूर्वींपेक्षां सुधारला आहे, आणि आणखीही सुधारेल. तरीही पाळी संपेल, स्विच खालीं होईल, आणि पावसाळा दर वर्षीं येईल. दिवसभर भट्टीपुढें उभें राहून ज्यानें काम केलें, त्याच्या कामाचा पुरावा त्या नखाएवढ्या कार्डावर असतो. तो त्यानें निर्धास्तपणें स्विच बंद करून घरीं जावें, आणि सकाळीं परत आल्यावर कालची शेवटची ओळ जागेवर असावी, एवढी अपेक्षा यंत्राकडून करणें मुळींच फार नाहीं. ती पुरी करण्याचीं साधनें आज उपलब्ध आहेत, आणि त्यांचा खर्च वायां गेलेल्या एका खेपेहून कमी आहे.